खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

आमच्या कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमधली सगळी मशीनं वर्षातून एकदाच एकदम बंद व्हायची, ती खंडेनवमीला. कारखान्यात यंत्रांची पूजा करतात, घरी विळी-कोयत्याची करतात, तशी आमच्याकडे कम्प्युटरची. शिपाईमामा आदल्या संध्याकाळीच झेंडू आणून ठेवत. सकाळी मुली माळा ओवायच्या, मुलं टेबलं पुसायची आणि मग प्रत्येक मॉनिटरच्या कपाळाला हळद-कुंकवाचं एकेक बोट लागायचं. चालू मशीनची पूजा करायची नाही, हा मामांचा नियम. त्या दिवशी यंत्राला विश्रांती. लॅबच्या कोपऱ्यात काचेच्या खोलीत सर्व्हर होता, तोही बंद करायचा. एरवी त्याला बंद करायची कुणाची हिंमत नव्हती, कारण शेवटच्या वर्षाच्या सगळ्या मुलांचे प्रोजेक्ट त्याच्यावर होते.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. पेठकडच्या एका पाड्यावरून आलेली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे कॉलेजात नक्की काय करायचं असतं हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. वर्गात प्रश्न विचारायचा तर तो मनात तीनदा म्हणून बघायचा, तोवर सर पुढे गेलेले असायचे. मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायचे आणि दुपारी कमवा-शिका योजनेत लॅबमध्ये काम करायचे. काम म्हणजे धूळ पुसणं, फ्लॉप्या तपासणं, सरांनी सांगितलेल्या आज्ञा सर्व्हरवर टाइप करणं.

हे सर हंगामी होते. दर सत्राच्या सुरुवातीला त्यांना नवी ऑर्डर मिळायची आणि सत्राबरोबर ती संपायची. चांदवडजवळच्या एका गावचे, घरी कांद्याची शेती. त्यांच्याही घरात त्यांच्याआधी कुणी शिकलेलं नव्हतं. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, मी माउसला हात लावायला घाबरत होते तेव्हा. “अगं, मी तर तो उलटा धरला होता,” ते म्हणाले. ते खरं होतं की माझ्यासाठी बनवून सांगितलं, मला अजून माहीत नाही. पण मी माउस धरला.

त्या वर्षी कॉलेजला एक कायमची जागा मंजूर झाली होती. मुलाखती दिवाळीनंतर होणार होत्या आणि ती जागा सरांचीच, असं सगळे धरून चालले होते. मामा तर उघड चिडवायचे.

“सर, कायम व्हा बरं लवकर. नायतर जिल्ह्यातल्या पोरी संपून जातील.”

“मामा, तुम्ही एखादी धरून ठेवा माझ्यासाठी.”

“धरली असती. पण पोरीचा बाप पहिला हेच विचारतो ना, कायम हाय का म्हणून.”

सर हसायचे. पण मला दिसायचं, तो प्रश्न त्यांना लागायचा.

वरच्या मजल्यावर नवी लॅब होणार होती आणि ती सर्व्हरला जोडायची होती. त्यासाठी आणलेलं नेटवर्क कार्ड सर्व्हर चालवणाऱ्या आमच्या जुन्या लिनक्स सिस्टिमला ओळखता येत नव्हतं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, तो नवा घालावा लागणार होता. सरांच्या एका मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यावर नवं कर्नल होतं. नवरात्राच्या आधी दोन-तीन दुपारी बसून आम्ही ते तयार केलं. तयार करताना मशीन शेकडो प्रश्न विचारतं: या भागाचा ड्रायव्हर हवा का, त्या भागाचा हवा का. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या भागाशी बोलायचं कसं, याची कर्नलला असलेली माहिती. प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं असतात. तो ड्रायव्हर कर्नलच्या आतच ठेवायचा, किंवा वेगळ्या फाइलीत डिस्कवर ठेवून लागेल तेव्हा उचलायचा, किंवा नकोच. सर वाचत होते, मी बटणं दाबत होते. बहुतेक ठिकाणी सरांनी “वेगळा ठेव” म्हटलं. पुस्तकात तसंच करावं असं लिहिलं होतं, म्हणजे कर्नल हलकं राहतं. नव्या कर्नलला जागा पुरेना म्हणून जुनं पुसून टाकलं.

आता मशीन एकदा बंद करून चालू करायचं राहिलं होतं. तोपर्यंत जुनंच कर्नल मशीनच्या स्मरणात चालू होतं.

“आत्ता नको,” सर म्हणाले. “प्रॅक्टिकलं चालू आहेत. खंडेनवमीला मामा बंद करायला लावणारच आहेत. तेव्हाच कार्डही बसवू. नंतर चालू केलं की नवं आपोआप येईल.”

मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. अजूनही वाटतं, तसं दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं.

खंडेनवमीला सरांनी सर्व्हर बंद केला. त्याचा पंखा हळूहळू थांबला आणि त्या खोलीतली शांतता सगळ्यांना एकदम जाणवली. सरांनी कार्ड बसवलं, झाकण लावलं. सर्व्हरला हळद-कुंकू मी लावलं. मामांनी दाराबाहेर नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी.

दसऱ्यानंतर मशीन चालू केलं ते पुन्हा उठलंच नाही.

पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकत गेल्या आणि एकदम थांबल्या. शेवटच्या ओळीचा अर्थ असा होता की ज्या डिस्कवर सगळं आहे ती उघडता येत नाही. आणि त्यापुढे दोन शब्द, कर्नल पॅनिक. घाबरगुंडी मशीनचीसुद्धा होते, हे मला त्या दिवशी कळलं. सरांनी बटण दाबून परत चालू केलं. त्याच ओळी, तीच जागा. नवं नेटवर्क कार्ड काढून चालू केलं. तेच.

तोवर शेवटच्या वर्षाची मुलं काचेला नाक लावून उभी होती.

“सर, उडालं का?”

“उडालं नाही. थांबा जरा.”

“कुंकू कुणी लावलं होतं?” एकाने विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हळद कोरडीच लावली होती, हे मला पक्कं आठवत होतं आणि त्याच क्षणी पक्कं आठवत नव्हतं.

“आणि नारळाचं पाणी?” दुसरा म्हणाला.

“ए, नारळ मी दाराभाईर फोडला,” मामा तापले. “आत थेंब नाय आला. उगं पोरीला अन् देवाला बोल लावू नका.”

“मग आता अंगारा लावा सर्व्हरला,” मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. सर हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते, एखाद्या ओळखीच्या माणसाने ओळख न दाखवल्यावर बघावं तसे.

मुलं गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. “चालू कर आणि अगदी सुरुवातीला काय येतं ते वाच. मोठ्याने.”

अगदी सुरुवातीला, लिनक्स यायच्याही आधी, एक निळी पट्टी यायची. सर्व्हरच्या सगळ्या डिस्क एका जाड कार्डाला जोडलेल्या होत्या, त्याला कंट्रोलर म्हणत. ती पट्टी त्या कार्डाची स्वतःची होती. मी वाचलं: डिस्क सापडल्या, सगळ्या ठीक.

“म्हणजे जिवंत आहेत,” सर म्हणाले. “आता पुढे वाच. या कार्डाचं नाव परत येतंय का बघ.”

पुढे लिनक्सच्या ओळी सुरू झाल्या. प्रोसेसरचं नाव आलं, मेमरी आली, कीबोर्डसुद्धा आला. कंट्रोलरचं नाव कुठेच नाही.

सर खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, “ड्रायव्हर डिस्कवर ठेवला गं आपण. वेगळा ठेव, वेगळा ठेव म्हणत. डिस्क वाचायला तो ड्रायव्हर लागतो आणि तो ठेवलाय डिस्कवरच.”

मला आमच्या पाड्यावरची विहीर आठवली. एका उन्हाळ्यात बादली दोरासकट तळाला गेली होती. पाणी दिसत होतं, बादलीही दिसत होती. मी हे सरांना सांगितलं. “हो, तसंच,” ते म्हणाले. “बरोबर तसंच.” त्यांना कळलं याचा मला आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली, कारण त्यात आनंद होण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. चाव्या द्यायच्या म्हणून मीही दारात उभी होते. प्राचार्य कॉमर्सचे. माणूस मायाळू, पण कम्प्युटर म्हणजे त्यांना टाइपरायटरचा महागडा भाऊ वाटायचा.

“काय झालंय नक्की?”

“सर, डिस्क ठीक आहेत. कर्नलला कंट्रोलर दिसत नाहीये. ड्रायव्हरचा प्रश्न आहे.”

“म्हणजे कंट्रोलर गेलाय?”

“नाही सर, कंट्रोलर चांगला आहे. नवं कर्नल त्याला ओळखत नाही.”

“बरं, बरं. पोरांचे प्रोजेक्ट?”

“आत आहेत, सर. सुरक्षित आहेत.”

“त्यांची नक्कल कुठेतरी ठेवली असेलच.”

नक्कल ठेवायला हवा म्हणून सरांनी टेप ड्राइव्ह दोनदा मागितला होता. ते त्यांनी आत्ता म्हटलं नाही.

“हे बघा,” प्राचार्य म्हणाले, आणि त्यांचा आवाज कडक नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. “दिवाळीनंतर बाहेरचे परीक्षक येणार. सुट्टी लागायच्या आत सगळं होतं तसं पाहिजे. पोरांचं काम गेलं तर मी निवड समितीपुढे तुमचं नाव कोणत्या तोंडाने ठेवू? मग पुढच्या सत्राची ऑर्डरसुद्धा अवघड होईल. मला तसं करायचं नाहीये. समजतंय ना?”

“हो सर,” सर म्हणाले.

जिन्यावरून उतरताना त्यांनी मला विचारलं, “सुट्टी कधीपासून गं?” त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

त्यानंतरचे दिवस मला एका लांब दुपारसारखे आठवतात. मासिकाच्या सीडीवरून मशीन चालू करून बघितलं, पण त्या सीडीलाही आमचं जुनं कंट्रोलर कार्ड माहीत नव्हतं. मग एकच रस्ता उरला. लॅबमधल्या दुसऱ्या कम्प्युटरवर नवं कर्नल बनवायचं, त्यात कंट्रोलरचा ड्रायव्हर आतच घालायचा आणि ते फ्लॉपीवरून सर्व्हरला द्यायचं. फ्लॉपीत मावतं किती, तर अगदी थोडं. पहिल्यांदा बनवलं ते मावलं नाही. मग आम्ही एकेक गोष्ट काढत बसलो. आवाज काढला. प्रिंटर काढला. ज्या नेटवर्क कार्डासाठी हे सगळं केलं होतं, तेही काढलं. सर यादी वाचायचे आणि म्हणायचे, “हे नको. हेही नको. याच्याशिवाय जगेल.” प्रत्येक वेळी ते बनायला दुपार जायची. मधेच लोडशेडिंग झालं की पुन्हा पहिल्यापासून. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच मेल्या होत्या.

एका दुपारी फ्लॉपीत मावलं. सर्व्हरमध्ये घातलं. फ्लॉपी कुरकुरत वाचली गेली, ओळी आल्या. मी कंट्रोलरच्या नावाकडे डोळे लावून बसले होते. नाव आलं नाही. तीच शेवटची ओळ, तेच दोन शब्द.

“आत घातला होता ना?” सरांनी विचारलं.

“हो सर. तुम्हीच वाचलं, मी दाबलं.”

“मग का दिसत नाही?”

मला काय माहीत? पण त्यांनी ते मला विचारलं नव्हतंच.

सरांना परत जायची वेळ पाळावी लागत नव्हती, मला वसतिगृहाची लागायची. सातच्या आत मी फाटकात हवी. रोज मी निघताना ते तसेच बसलेले असायचे. रोज सकाळी त्यांचे डोळे जास्त लाल. शेवटच्या वर्षाची मुलं आता काचेला नाक लावत नव्हती. ती बाहेर कट्ट्यावर बसायची आणि सर दिसले की बोलणं थांबवायची. त्यांच्यातली एक मुलगी माझ्याच वसतिगृहात होती. तिने एका रात्री जेवताना मला हळूच विचारलं, “खरं सांग, होईल का?” मी म्हटलं, “सर आहेत ना.” तिने वरणात भात कालवला आणि म्हणाली, “सरांनीच तर केलंय हे.”

सरांनी गंगापूर रोडवरच्या एका सायबर कॅफेतून लिनक्सवाल्यांच्या एका चर्चागटाला प्रश्न पाठवला होता. उत्तर येईल असं आम्हाला वाटत नव्हतं. ते आलं शनिवारी. कुणा परक्या देशातल्या माणसाने एकच ओळ लिहिली होती: तुमच्या कंट्रोलर कार्डावर छापलेला नंबर कोणता?

सरांनी झाकण उघडलं. मी टॉर्च धरला आणि कार्डावरची बारीक अक्षरं वाचली. मग आम्ही पुन्हा त्या प्रश्नांच्या यादीत गेलो. त्या कंपनीच्या कंट्रोलरचं नाव यादीत दोनदा होतं. एक नव्या कार्डांसाठी आणि त्याच्या खाली, जुन्या कार्डांसाठी निराळा ड्रायव्हर. आधी दोन्हींना मिळून एकच होता, नव्या कर्नलमध्ये त्याचे दोन केले होते. आम्ही वरचा घातला होता. आमचं कार्ड खालच्यातलं होतं.

सर एकदम उठून उभे राहिले आणि परत बसले. “अरे देवा,” म्हणाले. “खालचा. खालचा होता गं!” मी त्यांना इतकं हसताना त्या महिन्यात पहिल्यांदाच बघितलं. मामा धावत आले. “झालं का?”

“होणार, मामा. आज होणार.”

संध्याकाळपर्यंत कर्नल बनलं. फ्लॉपीवर उतरवलं. मी फ्लॉपी घेऊन काचेच्या खोलीकडे निघाले आणि दिवे गेले. लोडशेडिंग. आम्ही अंधारात बसून राहिलो. मामा म्हणाले, आज नवाशिवाय यायची नाही लाइट, शनिवारचं असंच असतं. माझी सातची वेळ होत आली होती.

“उद्या रविवार,” मी म्हटलं. “मी येऊ का, सर?”

सर थोडे अवघडले. “उद्या घरी पाहुणे यायचेत. मुलीकडचे. मी नसलो तर आई मला घरात घेणार नाही.” मग म्हणाले, “इतके दिवस थांबलो, सोमवारी टाकू. सकाळच्या बसने येतो. फ्लॉपी तू ठेव. माझ्या खिशात बसमध्ये मोडायची.”

मी ती रुमालात गुंडाळून ठेवली.

रविवारी मी दिंडोरीला गेले. आई-बाप तिथे एका मळ्यावर द्राक्षाच्या छाटणीला आले होते. दसऱ्यानंतर आमच्या पाड्यावरची निम्मी घरं तिकडेच असतात. मळ्यात छाटून झालेल्या ओळींमध्ये नुसती काळी लाकडं उभी होती. आई हातमोजे घालून एकेका काडीला पेस्ट लावत होती, काडीवरचे कोंबांचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. मोज्याला भोक पडलं होतं आणि तिचं एक बोट भाजल्यासारखं लाल झालं होतं.

मी बांधावर बसून बापाला सगळं सांगितलं. किती कळलं कोण जाणे. त्याने शेवटी विचारलं, “तुला काढतील का?”

“मला नाय. सरांना.”

“मंग तू कशाला रडतीस?”

मला मी रडतेय हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, “तेच एक हायेत, बाबा, मला काय येत नाय तरी मला विचारतात ते.”

बापाने मान हलवली. “मास्तर भला हाय म्हन की.”

मी त्याला फ्लॉपी दाखवली. त्याने दोन बोटांत धरून वजन केल्यासारखं केलं. “याच्यात काय हाय?”

“बादली काढायचा गळ,” मी म्हटलं. त्या विहिरीतली बादली त्यानेच गळ टाकून काढली होती. तो हसला. आईने लांबूनच ओरडून सांगितलं, पेस्टचे हात लागू देऊ नका त्याला.

सोमवारी मी तास चुकवून लॅबवर गेले. कॉलेजात पहिल्यांदाच तास चुकवला असेन. दार उघडं होतं. काचेच्या खोलीत सर्व्हर चालू होता. पंखा जोरात फिरत होता आणि पडद्यावर खिडक्या-खिडक्यांचं रंगीत चित्र होतं. एक अनोळखी तरुण माणूस खुर्चीत बसून बिस्कीट खात होता. बाजूला प्राचार्य उभे होते, खुशीत.

“ये, ये,” ते म्हणाले. “झालं बघ तुमचं मशीन. हे इंजिनिअर काल दिवसभर बसले होते. म्हटलं तुमच्या सरांच्या डोक्याचा ताप कमी करावा. झोप नाही पोराला किती दिवस.”

मी त्या माणसाकडे बघितलं. “आतलं... आतलं सगळं आहे ना?”

“आतलं कुठलं?” तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. “मला सांगितलं कंट्रोलर बिघडलाय, सिस्टिम येत नाही. म्हणून कंट्रोलर पहिल्यापासून सेट केला, डिस्क कोऱ्या करून घेतल्या. नवीन सिस्टिम टाकली. आता एकदम फ्रेश आहे.” मग माझा चेहरा बघून त्याने बिस्कीट खाली ठेवलं. “बॅकअप आहे ना तुमच्याकडे?”

प्राचार्यांचं हसू हळूहळू गेलं. “म्हणजे पोरांचं...?”

मला आठवतं ते एवढंच, की सर्व्हरच्या झाकणावर माझ्या बोटाचं हळद-कुंकू अजून होतं.

सर आले ते पावणेअकराला, केस नीट विंचरलेले, बहुधा पाहुण्यांसाठी घातलेला कालचाच इस्त्रीचा शर्ट. दारातूनच त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, फ्लॉपीसाठी. मग पडदा बघितला. हात तसाच राहिला.

प्राचार्य त्यांना बाहेर घेऊन गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. काचेतून दिसत होतं की बोलत प्राचार्यच होते, दोन्ही हात हलवत, आणि सर मान डोलावत होते, जणू समजूत प्राचार्यांची काढायची आहे.

दुपारी इंजिनिअर आणि मामा चहाला गेले. सर आत आले. म्हणाले, “दे.”

मी रुमाल सोडून फ्लॉपी दिली. त्यांनी मशीन बंद केलं, फ्लॉपी घातली, चालू केलं. निळी पट्टी आली. डिस्क सापडल्या, सगळ्या ठीक. फ्लॉपी कुरकुरायला लागली. पांढऱ्या ओळी आल्या. प्रोसेसर. मेमरी. कीबोर्ड. आणि मग ती ओळ आली. आमच्या कंट्रोलरचं नाव, नीट, पूर्ण, आणि त्याच्याखाली त्याला जोडलेली डिस्क. इतके दिवस जी ओळ बघायला आम्ही तिथे बसलो होतो.

“आली,” मी म्हटलं. न राहवून म्हटलं.

“आली ना,” सर म्हणाले.

कर्नलला डिस्क दिसली होती. त्याने ती उघडून आपलं घर शोधलं. तिथे आता त्याचं काही नव्हतं. ओळी थांबल्या. शेवटी तेच दोन शब्द होते, दसऱ्यानंतरच्या सकाळी होते तेच. पडद्याकडे नुसतं बघितलं असतं तर मधल्या दिवसांत काही घडलं असं कुणालाही वाटलं नसतं.

सरांनी ओळी पुन्हा एकदा वरून खाली वाचल्या, आपण पेपर सोडवल्यावर वाचतो तशा. मग फ्लॉपी काढली, मशीन होतं तसं चालू करून ठेवलं. 

“हे मुलांना सांगू नकोस,” ते म्हणाले.

“पण सर, आपलं बरोबर होतं. प्राचार्यांना तरी...”

“काय सांगायचं? की शनिवारी लाइट असती तर झालं असतं? त्या माणसाने माझ्यासाठी रविवारचा आपला दिवस घालवला गं. आणि पोरांना एका दिवसाने गेलं हे कळून काय मिळणार आहे?”

मी नाही सांगितलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी दिवाळीत घरी न जाता जुन्या प्रिंटआउटवरून जमेल तेवढं पुन्हा टाइप केलं. माझ्या वसतिगृहातली ती मुलगी माझ्याशी बोलायची बंद झाली, कारण मी सरांच्या बाजूची. मुलाखतींच्या यादीत सरांचं नाव नव्हतं. पुढच्या सत्राची ऑर्डरही आली नाही. त्या रविवारी आलेल्या मुलीकडच्या पाहुण्यांनी काय कळवलं, हे मामांनीसुद्धा विचारलं नाही.

सर त्यांच्या शेवटच्या दिवशी चाव्या द्यायला लॅबमध्ये आले. मी टेबलं पुसत होते. काहीतरी बोलावं म्हणून मी वाक्य मनात जुळवत होते, एकदा, दोनदा. तोवर ते जिन्यापर्यंत पोचले होते.

पुढच्या खंडेनवमीला मामांनी नेहमीसारखा झेंडू आणला. लॅब आता दुसऱ्या सरांकडे होती. त्यांनी काचेच्या दारावर कागद चिकटवला होता की सर्व्हर कुठल्याही कारणाने बंद करू नये. मामा कुरकुरले, पण त्यांनी चालू मशीनला हात लावला नाही. “पूजा नाय मग याची,” म्हणाले. मी हळद-कुंकवाची वाटी घेऊन काचेबाहेर उभी राहिले. आत पंखा फिरत होता. झाकणावरचं गेल्या वर्षीचं बोट कुणीतरी पुसून टाकलं होतं.